सही करण्याआधी

सकाळी ७.५०

मराठवाड्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात मी मेडिसिनची प्राध्यापक आहे. आवारात शिरल्यावर पहिलं काम मोबाइलला चेहरा दाखवण्याचं. १ मे २०२५ पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने, आमच्या बोलण्यात एनएमसीने, देशभरातल्या मेडिकल शिक्षकांची हजेरी आधारशी जोडलेल्या चेहऱ्यावर आणली. जीपीएस आधी बघतं की तुम्ही खरोखर आवारात आहात का. मग डोळे मिचकवायचे, आणि नोंद आयोगाकडे जाते. कामाच्या दिवसांपैकी ७५ टक्के दिवस हजेरी भरली पाहिजे, नाहीतर आयोगाच्या हिशेबात तो शिक्षक धरलाच जात नाही.

माझे काही सहकारी या हजेरीवर चिडतात. मी चिडत नाही, कारण ती का आली हे आमच्या पिढीने पाहिलं आहे. तपासणीचं पथक येणार म्हटलं की काही कॉलेजांत एका दिवसापुरते शिक्षक उभे राहायचे आणि वॉर्ड एका रात्रीत धडधाकट माणसांनी भरायचे. २०१० च्या एप्रिलमध्ये तर मान्यतेसाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून भारतीय वैद्यक परिषदेच्या अध्यक्षांनाच सीबीआयने अटक केली आणि पुढच्याच महिन्यात केंद्राने ती परिषद बरखास्त केली. पुढे २०१९ चा कायदा आला, २५ सप्टेंबर २०२० ला आयोगाचं काम सुरू झालं, चार स्वतंत्र मंडळं नेमली गेली: पदवीचं, पदव्युत्तरचं, कॉलेजांचं मूल्यमापन करणारं आणि डॉक्टरांच्या नोंदणीचं व नीतिनियमांचं. तरीही २०२५ च्या जूनअखेरीस तपासण्यांमधल्या लाचेचा गुन्हा सीबीआयला पुन्हा नोंदवावा लागला. मग चेहरा दाखवायला मला कमीपणा का वाटावा? मी इथे आहे, एवढं त्यातून सिद्ध होतं. इथे असून मी काय करते, हे मात्र त्या कॅमेऱ्याला कळण्याजोगं नाही. ते दिवसभरात कुठे कुठे ठरतं, ते सांगायचं आहे.

सकाळी ८.१५

काल आमच्या युनिटची इमर्जन्सी होती, त्यामुळे आज राऊंड लांबणार. मेल वॉर्डात जमिनीवर गाद्या टाकलेल्या. कीटकनाशक प्यायलेला एक तरुण ॲट्रोपिनवर, साप चावलेली एक बाई, डेंग्यूचे तीन-चार, पक्षाघाताचे दोन. फर्स्ट इयरची रेसिडेंट प्रत्येकाची माहिती न अडखळता सांगते, पण विष प्यायलेल्या मुलाच्या बाहुल्यांबद्दल विचारलं तेव्हा कालच्या संध्याकाळची नोंद वाचून दाखवू लागली. चूक तिच्या अभ्यासात नाही. ती काल सकाळपासून उभी आहे.

मी राऊंड थांबवते, सेकंड इयरच्या रेसिडेंटला सूत्रं देते आणि तिला म्हणते, "हॅन्डओव्हर लिही आणि झोपायला जा. दुपारपर्यंत वॉर्डात दिसायचं नाही."

"मॅडम, सॅम्पल्स राहिलेत..."

"इंटर्न काढतील. जा."

रेसिडेंटकडून सलग बारा तासांहून जास्त काम घेऊ नये आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा असावी, हा केंद्राचा आदेश १९९२ चा आहे. त्यानंतर जन्मलेली मुलं आज आमच्याकडे रेसिडेंट आहेत. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी एनएमसीने नेमलेल्या कृतिदलाने २०२४ च्या अहवालात आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास आणि एक दिवस सुट्टी सुचवली. पदव्युत्तर नियमावलीत मात्र शब्द आहे 'वाजवी' तासांचा. १५० जागांच्या कॉलेजला ६०५ खाटा लागतात हे नियमात आकड्याने लिहिलेलं असतं, कारण आकडा तपासता येतो. मग ज्या मुलीच्या हातात रात्री दोन वाजता ॲट्रोपिनचं इंजेक्शन आहे, तिच्या झोपेचा आकडाही तिथेच लिहिलेला हवा. खाटांचा आकडा चुकला तर जागा कापल्या जातात. झोपेचा चुकला तर कोणाचं काही कापलं जात नाही, पलंगावरच्या माणसाचा जीव धोक्यात येतो एवढंच.

आमच्या युनिटमधला एक रेसिडेंट सध्या तीन महिन्यांसाठी जिल्हा रुग्णालयात आहे. ही डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी आयोगाने सक्तीची केली, तेव्हा हात कमी पडतील म्हणून आम्ही कुरकुरलो होतो. पण तिकडून परतलेली मुलं दोन गोष्टी शिकून येतात: सीटी स्कॅन नसताना निर्णय घ्यायला, आणि रुग्णाला आमच्याकडे पाठवणारा डॉक्टर कोणत्या परिस्थितीत चिठ्ठी लिहितो ते. पूर्वी आमचे रेसिडेंट अशा चिठ्ठ्यांवर हसायचे. आता फोन करून विचारतात.

सकाळी १०.१५

बेडसाइड क्लिनिक. माझ्या दिवसातला हा तास मी कोणत्याही मीटिंगला देत नाही.

शेवटच्या वर्षाची बॅच फीमेल वॉर्डातल्या एका आजींभोवती उभी आहे. एका मुलाने सकाळी लवकर येऊन हिस्ट्री घेतली आहे आणि तो केस सांगतो आहे: वय साधारण साठ, दम लागणं चार-पाच वर्षांपासून, थंडीत वाढतो, खोकला, बेडका पांढरा. व्यसन नाही. दम्याचा कौटुंबिक इतिहास नाही. छाती तपासली, दोन्ही बाजूंना शिट्टीसारखा आवाज. निदान: दमा.

मांडणी स्वच्छ आहे. इंग्रजी चांगलं. तपासणीची पद्धत बरोबर; छाती ठोकून पाहताना बोटं कुठे ठेवायची हेही त्याला येतं. मी त्याला एवढंच म्हणते, "आजींना विचार, स्वयंपाक कशावर करतात."

तो विचारतो. आजी त्याच्याकडे बघून म्हणतात, "चुलीवर, बाबा. अजून कशावर? पऱ्हाट्या असत्यात, गवऱ्या असत्यात."

"किती वर्षं?"

"लगीन झाल्यापस्नं. त्याच्या आधी माईच्या घरीबी तेच."

"धूर कोंडतो का घरात?"

"कोंडायलाच की. खिडकी कुठंय तिथं?"

आता ती केस दम्याची राहिली नाही. आयुष्यात विडी न ओढलेल्या बाईला धुराने झालेला सीओपीडी, हा आमच्या भागातला अगदी नेहमीचा आजार. हिस्ट्रीत 'धूम्रपान नाही' लिहिलं की तो निसटतो. निदान चुकलं की उपचार बदलतात, आणि घरी गेल्यावर चुलीचं काय करायचं हे बोलणं तर होतच नाही. मी मुलांना आजींच्या छातीवर पुन्हा स्टेथोस्कोप लावायला सांगते, श्वास बाहेर सोडायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजायला सांगते. मानेचे स्नायू कसे ओढले जातात ते बघायला सांगते. एक मुलगी विचारते, "मॅडम, पण दमाही असू शकतो ना?" असू शकतो. म्हणून तर स्पायरोमेट्री करायची, इनहेलर देऊन पुन्हा करायची, आणि मग बोलायचं. तिला मी तिथेच शाबासकी देते, कारण तिने माझं म्हणणं जसंच्या तसं घेतलं नाही.

मग लॉगबुकं पुढे येतात. २०१९ च्या बॅचपासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम क्षमतांवर आधारलेला झाला. मूल किती पानं पाठ करून आलं यापेक्षा त्याला काय करता येतं, हे बघायचं. प्रत्येक कौशल्यापुढे रकाने आहेत: तारीख, प्रयत्न पहिला की पुन्हा केलेला की रेमेडियल, दर्जा, शिक्षकाचा निर्णय, शिक्षकाची सही, अभिप्राय मिळाल्याबद्दल विद्यार्थ्याची सही. दर्जाला तीन अक्षरं. बी म्हणजे अपेक्षेपेक्षा कमी, एम म्हणजे अपेक्षेइतकं, ई म्हणजे अपेक्षेहून सरस. निर्णयालाही तीनच: पूर्ण झालं, पुन्हा करा, रेमेडियल.

ज्याने केस सांगितली त्याच्या पानावर मी हिस्ट्रीपुढे बी लिहिते आणि 'पुन्हा करा'.

"मॅडम, बाकी सगळं बरोबर होतं ना?"

"बाकी सगळं बरोबर होतं. तपासणीला एम देते. पण आजींचं अर्धं आयुष्य जिथे गेलं ते तू विचारलं नाहीस. परवा दुसऱ्या पेशंटची हिस्ट्री घे, मला दाखव. मग एम लिहीन."

त्याचा चेहरा पडतो. समजतं मला. सगळ्या बॅचच्या लॉगबुकात एम लिहून सह्या ठोकणं फार सोपं असतं. परीक्षा तोंडावर आली की पंधरा-पंधरा लॉगबुकं टेबलावर रचून, एका बैठकीत, मागच्या तारखा टाकून सह्या झाल्याचंही मी ऐकलं आहे. त्या सहीने देशाची मानकं तिथल्या तिथे ढासळतात आणि दिल्लीत कोणाला पत्ताही लागत नाही. आयोगाने आराखडा चांगला केला आहे, हे मी मनापासून म्हणते. शिरेतलं इंजेक्शन, सलाइन लावून थेंबांचा वेग काढणं, ऑक्सिजन, नेब्युलायझेशन, हे एमबीबीएस झालेल्याला स्वतःच्या हाताने आलंच पाहिजे. रायल्स ट्यूब, कॅथेटर, बेसिक लाइफ सपोर्ट ही कौशल्यं आधी मॅनिकिनवर करून दाखवायची. मी शिकत होते तेव्हा यातलं बरंचसं 'पाहून घ्या' या सदरात जायचं. कोणाला सलाइन लावायची संधी मिळाली आणि कोणाला नाही, हे वॉर्डातल्या सिस्टरच्या मर्जीवर असायचं. आता यादी आहे, रकाना आहे. रकान्यात खरं लिहिणारं माणूस तेवढं आमच्या बाजूने हवं.

आजींना मी सांगते की मुलांनी तुमच्याकडून शिकून घेतलं. त्या म्हणतात, "शिकू द्या. पण माझा दम कधी थांबल ते सांगा आधी." सिस्टरला सांगून त्यांचं नेब्युलायझेशन सुरू करते आणि इनहेलर कसा ओढायचा ते त्याच मुलाला शिकवायला बसवते.

दुपारी १२.००

लेक्चर, दीडशे मुलांचं. नियमानुसार आता निव्वळ व्याख्यानं एक-तृतीयांश वेळेपेक्षा जास्त नसावीत, म्हणून अर्धा तास शिकवते आणि अर्धा तास एक केस देऊन गटांत भांडायला लावते. मागच्या बाकांवर त्या अर्ध्या तासातही मोबाइल दिसतात. त्यावर अजून उपाय नाही सापडला.

दुपारी १.१५

विभागाच्या खोलीत डबे उघडतात. इंटर्नही येऊन बसतात. त्यातला एक नांदेडकडचा, किर्गिझस्तानात शिकून आलेला. बापाने जमीन गहाण टाकून पाठवलं होतं. परत आल्यावर परदेशी पदवीधरांची परीक्षा, ३०० पैकी १५० गुण मिळाले तर पास, नाहीतर पुन्हा; मग इथे एक वर्षाची इंटर्नशिप. आता ती संपत आली आहे आणि त्याचा सगळा जीव महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या कायम नोंदणीत अडकलेला आहे.

"मॅडम, तिकडे पाच-सहा वर्षं शिकलो, ते इथे कोणी मानतच नाही असं वाटतं कधी कधी."

त्याला मी जे सांगते ते सांत्वन म्हणून सांगत नाही. कोणत्या पदवीला मान द्यायचा हा प्रश्न आपल्या देशालाही सोसावा लागला आहे. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चं. मुंबई प्रांताचा वैद्यक कायदा १९१२ चा. पण आपल्या विद्यापीठांच्या पदव्या ग्राह्य धरायच्या की नाही, हे लंडनची जनरल मेडिकल कौन्सिल ठरवायची. बाळंतपणाचं प्रत्यक्ष प्रशिक्षण पुरेसं मिळत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. तिकडून तपासनीस येऊन गेले. पुढे देखरेख कोणी करायची यावर वाद वाढला आणि १९३० मध्ये कौन्सिलने भारतीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. स्वाभिमान दुखावला होताच, पण प्रश्न खरा होता: आपल्याकडे सगळ्या प्रांतांना एकच मोजमाप लावणारी संस्थाच नव्हती. १९३३ चा इंडियन मेडिकल कौन्सिल कायदा त्यातून आला. मद्रासचा डॉक्टर आणि मुंबईचा डॉक्टर किमान इतकं जाणतो, हे सांगणारं एक ठिकाण तेव्हा तयार झालं.

"म्हणजे बाळंतपणाचा मुद्दा खोटा नव्हता?" दुसरी इंटर्न विचारते.

खोटा असता तर बरं झालं असतं. तिला म्हणते, लेबर रूमच्या पोस्टिंगमध्ये स्वतःच्या हाताने किती बाळंतपणं केलीस, ते आज मोज.

नांदेडच्या मुलाला मी नोंदणीची कागदपत्रं पुन्हा एकदा तपासून घ्यायला सांगते. कायम नोंदणी झाली की दर पाच वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट, म्हणजे शिकत राहणं सुटणार नाही. मग नेहमीचा प्रश्न येतो: नेक्स्ट कधी? सगळ्यांसाठी एकच अंतिम परीक्षा, इथे शिकलेल्यांसाठी आणि परदेशातून आलेल्यांसाठीही. २०१९ च्या कायद्यात आहे, सुरू झालेली नाही. मला विचाराल तर ती व्हावी. पण एका तारखेवरून दुसऱ्या तारखेवर मुलांना टांगून ठेवू नये. आधी सराव, आधी नमुना प्रश्न, आधी कॉलेजांची तयारी.

दुपारी २.३०

टेबलावर हजेरीची यादी. परीक्षेला बसायचं तर थिअरीत ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलमध्ये ८० टक्के हवी. एका मुलीचे वडील दाराशी उभे आहेत, टोपी हातात. क्लिनिकल पोस्टिंगमध्ये मुलगी थोडक्यात कमी पडते.

"मॅडम, दोन-तीन टक्क्यांसाठी पोरीचं वर्ष जाईल."

मी त्यांना बसवते, पाणी देते. दिवस शिल्लक आहेत. संध्याकाळची जादा पोस्टिंग लावून देता येते आणि ती तिने खरोखर केली तर टक्के भरतील. टक्के न भरता सही मात्र होणार नाही. ते म्हणतात, "पण सगळीकडं असं करत असत्यात." करत असतील. मी त्यांना एक विचारते: उद्या तुमच्या घरचं कोणी रात्री तालुक्याला नेलंत आणि समोरची डॉक्टर वॉर्डात कमी आलेली असेल, तर चालेल? ते उत्तर देत नाहीत, पण जादा पोस्टिंगचे दिवस कागदावर लिहून घेतात.

उरलेला तासभर आयोगाला द्यायच्या वार्षिक माहितीत जातो. खाटा, भरलेल्या खाटा, ओपीडी, तपासण्या, शिक्षकांची पदं. यातल्या एका रकान्यापाशी मी दर वर्षी अडते: रिक्त पदं. पोर्टल विचारतं किती. का, हे विचारत नाही. सरकारी कॉलेजांत कंत्राटावर नेमलेला तरुण शिक्षक चांगला असतो, तयार होतो, आणि नेमणूक कायम होत नाही म्हणून निघून जातो. कमी शिक्षकांबद्दल आयोगाची नोटीस कॉलेजला येते, पदभरती राज्य सरकारच्या हातात, आणि मध्ये शिकवणारे आम्ही. नोटिशीची प्रत थेट मंत्रालयात, उत्तराच्या मुदतीसह गेली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे आणि मी ते प्रत्येक बैठकीत मांडते.

दुपारी ३.५०

दाराबाहेर सेकंड इयरचा एक विद्यार्थी, सोबत पन्नाशीचे गृहस्थ. "मॅडम, हे माझ्या फॅमिलीतले काका." फॅमिली म्हणजे फॅमिली ॲडॉप्शन प्रोग्रॅममधलं घर. प्रत्येक विद्यार्थ्याला खेड्यातली तीन ते पाच कुटुंबं वाटून दिलेली असतात आणि पहिल्या वर्षापासून त्यांच्याकडे जात राहायचं असतं. काकांची साखर तीन भेटींत चढलेलीच दिसली, म्हणून मुलगा त्यांना एसटीने घेऊन आला आहे.

हा कार्यक्रम आयोगाने देशभर नेला, पण महाराष्ट्राला ही कल्पना नवी नव्हती. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या सेवाग्रामच्या कॉलेजात प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेऊन तिथे शिबिराला राहते. तिथून शिकून आलेले सहकारी मला विभागात लगेच ओळखू येतात. रुग्णाला घरी कोण आहे हे ते औषधाच्या आधी विचारतात. बऱ्याच ठिकाणी फॅमिली ॲडॉप्शन म्हणजे फॉर्म भरून, फोटो काढून बसमध्ये परत, एवढंच उरतं. या मुलाने काकांचं औषधांचं पाकीटच सोबत आणलं होतं. त्यातून कळलं की ते एक दिवसाआड गोळी घेतात, कारण महिनाभर पुरवायची असते. ही माहिती मला ओपीडीत कधीच मिळाली नसती. सरकारी दवाखान्यातून महिन्याच्या गोळ्या कशा मिळतील त्याची चिठ्ठी लिहून देते आणि मुलाच्या लॉगबुकात ई लिहिते. आजचं पहिलं ई.

संध्याकाळी ५.००

वॉर्डाची संध्याकाळची फेरी झाली की मी विभागाचं दार लावून घेते. राज्याच्या वैद्यक परिषदेकडून तज्ज्ञ म्हणून मत मागवलेली फाइल टेबलावर आहे. डॉक्टरचं नाव झाकलेलं असावं अशी माझी इच्छा असते. ते झाकलेलं नसतं. मी ते वाचून बाजूला ठेवायचा प्रयत्न करते.

हकिगत थोडक्यात अशी. मधुमेह असलेला, पन्नाशी ओलांडलेला माणूस रात्री पोटाच्या वरच्या भागात जळजळ आणि घाम म्हणून गावातल्या एमबीबीएस डॉक्टरकडे गेला. ॲसिडिटीचं इंजेक्शन, गोळ्या, सकाळी या. पहाटे तो गेला. बायकोची तक्रार: तपासलंच नाही. डॉक्टरचं उत्तर: लक्षणं ॲसिडिटीची होती, दवाखान्यात ईसीजीचं मशीन आहे पण गरज वाटली नाही.

केसपेपर एक पानाचा. त्यावर रक्तदाब नाही, नाडी नाही. २००२ च्या नीतिनियमांत डॉक्टरने काय करायचं हे साधं लिहिलेलं आहे: भरती रुग्णांच्या नोंदी तीन वर्षं जपायच्या, मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या, चिठ्ठीवर आपला नोंदणी क्रमांक घालायचा, औषधाचं नाव वाचता येईल असं लिहायचं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम आले आणि त्याच महिन्यात स्थगितही झाले, म्हणून अजून हेच लागू. या नियमांकडे बरेच डॉक्टर कटकट म्हणून बघतात. पण अशा रात्री नाडी आणि रक्तदाब लिहिलेला असता तर तो कागद कदाचित डॉक्टरच्या बाजूने बोलला असता. न लिहिलेलं केलं होतं, हे आता सिद्ध करणार कसं?

परिषदेने तीन प्रश्न विचारले आहेत. पहिला: अपेक्षित काळजी घेतली का? यात एम्सच्या हृदयरोगतज्ज्ञाची मोजपट्टी लावायची नसते. जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितलं, की त्या व्यवसायातला साधारण कौशल्याचा माणूस त्या जागी काय करील, ते बघा. मी माझ्या अंतिम वर्षाच्या मुलांकडे बघून ठरवते. मधुमेही, पन्नाशीपुढचा, वरच्या पोटात दुखणं आणि घाम: एवढं सांगितलं तर आमच्या बॅचमधली बहुतेक मुलं ईसीजी म्हणतील. मधुमेहात हार्ट अटॅकचं दुखणं छातीत न येता पोटात येऊ शकतं, हे दरवर्षी शिकवलं जातं. मशीन खोलीत होतं. म्हणून उत्तर: नाही, घेतली नाही. नाडी-रक्तदाबाची नोंद नसणं, ही वेगळी त्रुटी.

दुसरा प्रश्न: मृत्यू त्यामुळे झाला का? इथे मी बराच वेळ थांबते. शवविच्छेदन झालेलं नाही. ईसीजीत अटॅक दिसला असता, तरी जवळचं कॅथलॅब असलेलं रुग्णालय दोन-अडीच तासांवर. ॲस्पिरिन देऊन ॲम्ब्युलन्सने पाठवलं असतं तर शक्यता वाढली असती; वाचलाच असता असं मी लिहू शकत नाही. काळजीत कसूर होती, हे मी ठामपणे लिहिते. त्या कसुरीनेच मृत्यू झाला, हे उपलब्ध कागदांवरून सांगता येत नाही, हेही तितक्याच ठामपणे लिहिते. ती बाई हे वाचेल तेव्हा तिला अर्धाच न्याय झाल्यासारखं वाटेल. तरीही खरं तेच आहे, आणि एका बाजूचं दुःख बघून दुसऱ्या बाजूवर न घडलेलं लादणं परिषदेच्या कामात बसत नाही.

तिला नुकसानभरपाई हवी असेल तर ग्राहक आयोगाकडे जावं लागेल. परिषद फार तर डॉक्टरला ताकीद देईल किंवा काही काळ नोंदवहीतून नाव काढील. आणि निकाल तिच्या विरोधात गेला तर? इथे मला कायद्याशी उघड भांडण आहे. २०१९ च्या कायद्याच्या कलम ३० मध्ये राज्य परिषदेच्या निर्णयावर आयोगाच्या मंडळाकडे अपील करण्याचा हक्क डॉक्टरला दिला आहे, रुग्णाला नाही. आधीच्या नियमांत तो दोघांनाही होता. जी संस्था लोकांच्या रक्षणासाठी डॉक्टरांवर देखरेख करते, तिच्या दारात डॉक्टरला खुर्ची आणि विधवेला उंबरठा, हे बरोबर नाही. ते कलम बदललं पाहिजे, आणि ही मागणी डॉक्टरांनीच आधी करायला हवी. आमच्यावर विश्वास राहण्यात आमचंच हित आहे.

तिसरा प्रश्न: इतर काही शेरा? बहुतेक तज्ज्ञ इथे 'नाही' लिहितात. मी लिहिते की तालुक्याच्या आणि गावच्या डॉक्टरांसाठी क्रेडिट पॉइंटची जी सत्रं होतात, ती बहुधा शहरातल्या हॉटेलांत आणि नव्या औषधांवर होतात. त्याऐवजी ईसीजी वाचणं, अटॅकच्या पहिल्या अर्ध्या तासात गावात काय करायचं आणि केसपेपरवर किमान काय लिहायचं, यांवर तालुक्यालाच सत्रं व्हावीत. आमचा विभाग ती घ्यायला तयार आहे, रविवार चालतील. मशीन आम्ही आणू, शिकवायला रेसिडेंटही येतील, फक्त झोप झालेले.

तीन पानं पुन्हा वाचते. दुसऱ्या उत्तरातला 'कदाचित' खोडून 'उपलब्ध कागदांवरून' लिहिते. खाली सही, सहीखाली नाव आणि नोंदणी क्रमांक.